आगिराच्या तोंडातला जाळ

७ डिसेंबर २००३, रविवार

डायरी जानेवारीतच सुरू करणार होतो. वायरच्या सप्लायरने दिलेली आहे, कव्हर भारी, म्हणून वर्षभर जपून ठेवली. आजपासून नियमित. रोज लिहिणार.

मुख्य प्रॉब्लेम आधी लिहून टाकतो. आर्या माझ्याशी बोलत नाही. चौथीतल्या मुलीने बापाशी अबोला धरावा, तो कशावरून? तर पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावरून. चिप्सच्या पुड्यात फुकट मिळतो. बीस्टोरा नावाचा व्हिडिओ गेम आहे, त्यात तऱ्हेतऱ्हेचे राक्षस पकडून जमवायचे असतात. गेमवरून कार्टून निघालं, कार्टूनवरून कार्डं निघाली आणि कार्डांवरून माझ्या घरात भांडण. या राक्षसांमध्ये आगिरा म्हणून एक आहे. नारिंगी पाल. तोंडातून जाळ काढते. तिचं सोनेरी कार्ड म्हणे दुर्मिळ. आर्याकडे होतं. मी ते आमच्या कारखान्यातल्या भूपेशसाहेबांच्या मुलाला वाढदिवसाला दिलं.

माझं काय चुकलं? पाकीट सगळेच देतात. आपण काहीतरी पर्सनल द्यावं. त्या वेळी सीनियर स्टोअरकीपरची जागा रिकामी होती. ती नंतर पाठकला मिळाली, तो विषय वेगळा. आता कार्ड परत मागायचं तर साहेब काय म्हणतील?

संकल्प: नव्या वर्षाआधी आर्या माझ्याशी बोललेली असेल. स्वतःहून.

९ डिसेंबर

मार्ग सापडला. पापडी नाक्यावरच्या ज्युलियसच्या गिफ्ट सेंटरवर बोर्ड लागलाय. बीस्टोरा मॉडेल स्पर्धा. घरी बनवलेला राक्षस एक जानेवारीला सकाळी मैदानावर आणायचा. पहिलं बक्षीस, आगिराचं सोनेरी कार्ड! ज्युलियस म्हणाला की अंकल, अख्ख्या वसईत दुसरं नाय मिळायचं. मी त्याला सांगितलं की कार्ड बाजूलाच काढून ठेव.

माझा हात कलेत पहिल्यापासून चांगला. इस्लामपूरला शाळेत असताना बैलपोळ्याला मी केलेला मातीचा बैल गुरुजींनी स्वतःच्या घरी नेला होता. (दार अडवायला वापरायचे, पण नेला.)

जेवताना घोषणा केली की आगिरा करणार, जिवंत वाटेल असा, आणि त्याच्या तोंडातून आग निघणार. आर्याने मान वर केली. मग आईला म्हणाली, त्यांना विचार आगिराच्या पायाला बोटं किती. मी म्हटलं चार. तिने आईला सांगितलं की तीन. आणि भात कालवायला लागली.

'त्यांना' म्हणजे मी.

१० डिसेंबर

दाढ दुखते सांगून कारखान्यातून लवकर निघालो. कार्टून बघितलं. अभ्यास हवा. निष्कर्ष: ती पाल नव्हेच, घोरपड आहे. घोरपड म्हणजे आमच्या भागातलं जनावर, त्यामुळे विषय घरचाच निघाला.

आर्या शेजारीच बसून बघत होती. आगिराने आग ओकली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत टिपण करत असल्यासारखं दाखवलं. खरं सांगायचं तर वहीत एवढंच लिहिलं: जाळ कसा?

१४ डिसेंबर, रविवार

कामाचा शुभारंभ. सांगाड्यासाठी कारखान्यातली भंगार वायर आणली. परवानगी घेतल्यासारखीच आहे. पेंढ्यासाठी सांडोरला बळीरामकाकांकडे गेलो. वाडीवाले जुने शेतकरी. त्यांनी कशाला पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक बसवायचाय, एकतीस तारखेपर्यंत पुरा व्हायला हवा. म्हातारा एकदम खूश! म्हणाले, नवीन लोकं कोन करत नाय आता, तू करतोस, बरा वाटला. पेंढा चांगला सुका हाय, पानी लागू देऊ नको, भिजला तर सगळी मजा जाईल. पैसे घेतले नाहीत. शेतकरी माणसालाही कलेची केवढी कदर!

रात्रीपर्यंत धड तयार. शेपटी राहिली. स्वप्ना म्हणाली की हॉलमध्ये पेंढा झालाय. कलावंताच्या घरात होणारच. तिने झाडू माझ्या हातात दिला.

१६ डिसेंबर

आगिरा उभा राहत नाही.

कार्टूनमध्ये तो शेपटीवर तोल सांभाळतो. माझा पुढे पडतो. तीनदा उभा केला, तीनदा तोंडावर. शेवटच्या वेळी स्वप्नाच्या शिलाई मशीनवर पडला. शेपटीत विटा घातल्या तर मागे पडतो. जपानी लोकांनी चित्र काढताना वजनाचा विचारच केलेला नाही.

उपाय केला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवला. राजासारखा दिसतो. राक्षसाने उभंच राहावं असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

१८ डिसेंबर

आग, प्रयोग पहिला. तोंडात लाल बल्ब, नारिंगी जिलेटिन कागद आणि मागून छोटा पंखा. कागद हलला की ज्वाळा वाटणार. मी बल्बच्या कारखान्यात आहे, हे माझ्या डाव्या हाताचं काम.

बटण दाबलं. अख्ख्या विंगचे दिवे गेले.

तळमजल्यावरच्या क्लेमेंटने फ्यूज घातला. शेजारी म्हणून माणूस चांगला. सोसायटीलगतची वाडी त्यांचीच होती, सगळे त्याला मानतात. तो बघायला वर आला आणि आगिराभोवती फिरून म्हणाला की लाइटची काय गरज नाय, पेंढा बास. मला ते हास्यास्पद वाटलं. पण सांगत बसलो नाही, त्याने फ्यूज घातला होता.

१९ डिसेंबर

प्रयोग दुसरा. धूप. डोक्यातून नरसाळं आत सोडलं, तोंडातून धूर येतो का पाहायचं होतं. धूर कानातून आला. घरभर श्राद्धासारखा वास. स्वप्ना म्हणाली की जिवंत माणसं राहतात इथे. आर्या खोकत होती. आईला म्हणाली, त्यांना सांग, आगिरा धूर नाही काढत. आग काढतो.

माहीत आहे मला.

२१ डिसेंबर, रविवार

कंटाळलो. सकाळपासून डोळ्यांच्या मागे आहे. टेबल टेनिसचे चेंडू लावले तर एक वर बघतो, एक ज्युलियसच्या दुकानाकडे. शेवटी माझा जुना गॉगल चढवला. रुबाबदार दिसतो.

पायांतून पेंढा बाहेर येतोय. रंग बसत नाही. माझी लग्नातली पँट घातली. मला तशीही होत नाही. डोक्यावर नरसाळ्याचं भोक राहिलं होतं, त्यावर सासऱ्यांची फेल्ट हॅट बसवली. एकेक अडचण आली तशी सुटली. इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

आर्याने दारातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आईमार्फत निरोप: आगिरा पँट घालत नाही. मी उलट निरोप पाठवला की ती टेक्निकल गरज आहे. तिने दार लोटून घेतलं. पण आज दोन निरोप झाले, म्हणजे प्रगती आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

लुसीबाई, म्हणजे क्लेमेंटची बायको, ताट घेऊन आल्या. करंज्या, कुळकुळ, केक. आगिराला पाहून त्यांनी हातच जोडले. म्हणाल्या, अगो बाई, किती छान बसलाय, अगदी खरा! आणि लगेच क्लेमेंटला हाक मारली. त्याने येऊन माझा हात हातात घेतला. म्हणाला, आत्मारामभाऊ, यंदा गल्लीत कोणालाच टाइम नव्हता, मी तर म्हटलं या वर्षी राहिलंच, तुम्ही नवीन असून केलंत, थँक्यू.

आम्ही मे महिन्यात इथे राहायला आलो. एवढ्यात माझ्याकडून गल्लीच्या अपेक्षा! स्पर्धेत पापडीचं नाव राखायला माझ्याशिवाय कुणी नाही, हे या लोकांना कळतं. कारखान्यात कळत नाही.

क्लेमेंटने त्याच्या वडिलांचा एक शर्ट आणून दिला. आगिराला बरोबर बसला. दिवाळीतले उरलेले फटाके द्यायला निघाला होता, मी नको म्हटलं. तो म्हणाला, बरोबर, ते आमच्याकडे असू द्या.

लहानसहान कामाची वाटणी करायला लोक किती उत्सुक असतात! पण श्रेय एकट्याचंच ठेवायचं.

२७ डिसेंबर

प्रयोग तिसरा. झाड, म्हणजे अनार, तोंडात आडवा बसवून. गच्चीवर. अनार सादळलेला निघाला. फुस्स करून विझला. आर्या टाकीमागे लपून बघत होती. मला दिसली. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं की ही फक्त रिहर्सल होती.

खाली जाताना तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला. अगदी सावकाश जात होती.

चिडचिड होते. रॉकेल फवारायची कल्पना होती, पण स्वप्नाने डबा लपवलाय. एवढं एक तोंड, एवढीशी आग. माचिसच्या काडीला जमतं ते मला का जमू नये?

२८ डिसेंबर, रविवार

विचारांती निर्णय. आग प्रत्यक्ष न दाखवता सुचवायची. तोंडातून लाल क्रेप कागदाची पट्टी. परीक्षक समजून घेतील. खरी कला सुचवण्यात असते.

स्वप्नाला पट्टी दाखवली. ती म्हणाली की जीभ वाटते.

३० डिसेंबर

छातीवर पाटी लावली. आगिरा, २००३. आकडे मोठे आणि ठळक काढले, लांबून दिसावेत.

स्वप्नाची बहीण उद्या येणार, घरात जागा नाही, रंगही अजून ओला. म्हणून उद्या संध्याकाळी आगिराला खाली गेटजवळ बसवणार. सकाळी तिथूनच टेम्पोत. स्वप्ना म्हणाली, अहो उद्या बाहेर ठेवू नका, लुसी सांगत होती की उद्या रात्री... मी तिला तिथेच थांबवलं. स्पर्धा तोंडावर असताना निगेटिव्ह बोलायचं नाही. ती म्हणाली, बघा मग तुमचं तुम्ही. शिलाई मशीनचा राग अजून आहे.

३१ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळ

आगिरा गेटवर बसला.

असा प्रतिसाद आयुष्यात पाहिला नव्हता! येणारा-जाणारा थांबतो. इग्नेशियसकाका सायकलवरून उतरले, हॅटला हात लावून नमस्कार केला. बायका मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या प्रार्थनेच्या तयारीत होत्या तरी थांबल्या. एक जण म्हणाली की या वर्षाचा सगळ्यांत चांगला. शेजारच्या गल्लीतले लोक मुद्दाम बघून गेले. कुणीतरी त्याच्या हातात रिकामी बाटली दिली, ती मी काढली, पुन्हा कुणीतरी दिली. राहू दिली. लोकांना आपलेपणा वाटतोय.

क्लेमेंटने विचारलं की भाऊ, रात्री तुम्ही असणार ना, पहिला मान तुमचा. मी म्हटलं, नाही, मला सकाळी फ्रेश राहायचंय, तुम्ही मंडळी आहात, तुम्हीच बघा त्याच्याकडे. तो म्हणाला, काय टेन्शन नाय, आम्ही बघतो. केवढी जबाबदारीची जाणीव. मध्यरात्रीपर्यंत राखण करणार बिचारे!

एक नोंद अत्यंत महत्त्वाची. मी वर येताना आर्या जिन्यात उभी होती. माझ्याकडे बघून तिने तोंड उघडलं. काहीतरी सांगणारच होती, माझी खात्री आहे. मग आठवलं असावं. तोंड मिटलं, पायाने फरशी घासली आणि पळत आईकडे गेली. आई लुसीबाईंकडे सलाड कापत होती, निरोप काही माझ्यापर्यंत आला नाही.

अबोला सुटत आलाय. उद्या कार्ड हातात ठेवलं की संपला.

मायलेकी आणि मेव्हणी क्लेमेंटकडे पार्टीला. मी कानात कापूस घालून झोपतो. इथले लोक फटाके फार वाजवतात.

टेम्पो ठरवला आहे. भाषणाचे मुद्दे खिशात.

(डायरी इथे संपली. पुढचं 'पत्ते व टेलिफोन' या पानावर.)

१ जानेवारी २००४, गुरुवार

सकाळी सहाला खाली गेलो. आगिरा नाही.

खुर्चीही नाही. म्हणजे होती, पण वितळून चपटी झालेली. राखेचा ढीग, त्यात माझी वायर, गॉगलची एक काडी आणि पाटीचा कोपरा. त्यावर फक्त ३.

मी ओरडलो असेन. क्लेमेंट बनियनवर बाहेर आला आणि त्याने मला मिठी मारली. म्हणाला, हॅप्पी न्यू इयर, काय पेटला भाऊ तुमचा म्हातारा!

मग त्याने समजावून सांगितलं. इथे दर एकतीस तारखेला जुन्या वर्षाचा म्हातारा करतात. पेंढा भरायचा, जुनी पँट, जुना शर्ट, डोक्याला हॅट, डोळ्याला गॉगल. छातीवर सालाची पाटी. गेटजवळ खुर्चीवर बसवायचा. रात्री मिस्सा सुटली की सगळे जमतात आणि त्याला पेटवून देतात. जुनं वर्ष गेलं.

तो एकेक वस्तू सांगत होता आणि मी राखेकडे बघत होतो.

मी म्हटलं, तो आगिरा होता. क्लेमेंटने विचारलं, पाटीवर नाव वाचलं, पण आगिरा म्हणजे कोण? मी सांगितलं, नारिंगी घोरपड. त्याने वाकून राखेतला पाटीचा कोपरा उचलला. मग म्हणाला की आम्हाला वाटलं दुसरा रंग नसेल म्हणून नारिंगी. त्याला खरंच वाईट वाटलं. वाईट वाटून घेऊ नका असं मलाच त्याला सांगावं लागलं. पहिल्यांदा काडी लावायचा मान मीच त्याला दिला होता, याचीही त्याने आठवण करून दिली.

टेम्पो आला. त्याला परत पाठवला. तो भाडं मागत होता.

स्पर्धेला गेलो नाही. पहिलं बक्षीस वटारच्या कुणा मुलीला, थर्माकोलचा बेडूक. तो उभा राहतो म्हणे.

वर आलो तर आर्या जागी होती. चहाच्या टेबलाशी. मी मान खाली घालून बसलो. काय सांगणार होतो? कार्ड गेलंच होतं, आता आगिराही गेला. वर्षाचा पहिला दिवस, आणि माझ्याकडे एक गॉगलची काडी.

आणि ती बोलायला लागली.

म्हणाली, बाबा, पहिल्यांदा पायातून पेटला, मग पँट, मग पोट. सगळे मागे सरकले. क्लेमेंटअंकलनी फटाके गळ्यात भरले होते. मग हॅट उडाली आणि एकदम तोंडातून आग आली बाबा! लांबलचक, सरळ, गेटच्या बाहेरपर्यंत. अगदी कार्डावरच्यासारखी. तुमची ती लाल पट्टी पण पेटून उडत गेली. सगळी मुलं आगिरा आगिरा ओरडत होती, मीच सांगितलं ना त्यांना की तो आगिरा आहे. लुसीआंटी म्हणाली, असा पेटलेला कधी बघितला नाही. मी तुम्हाला जिन्यात सांगणार होते की ते जाळतील, पण मी बोलत नव्हते ना तुमच्याशी.

एका दमात. डोळे केवढे मोठे झाले होते. महिनाभर ज्यासाठी वायर, बल्ब, धूप, अनार, सगळं करून पाहिलं, ते झालं होतं. जाळ निघाला होता. अख्ख्या गल्लीने पाहिला. मी तेव्हा कानात कापूस घालून झोपलो होतो.

मी मान वर केली. त्याबरोबर तिच्या लक्षात आलं असावं की आपण कुणाशी बोलतोय. तोंड मिटलं. खुर्ची वळवून बसली. आईला म्हणाली, त्यांना सांग, चहा गार होतोय.

चहा घेतला. गारच होता. भाषणाचे मुद्दे खिशातून काढले आणि बशीखाली ठेवून दिले. काहीतरी ठरवावं असं वाटलं, काही सुचेना. मग स्वप्नाला म्हटलं, तिला विचार, आग कशी निघाली ते पुन्हा एकदा सांगशील का म्हणावं. मी पाहिली नाही.

स्वप्ना तिथेच, आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. तरी तिने विचारलं.

उत्तर आलं. त्यांना सांग, झोपायचं नव्हतं.